चुलीचे वारसदार



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथं कोल्हापुरात जमतो, त्यांनी उभी हयात बीड ओतण्यात घालवली. त्यांच्या नावानं बोलायचं तर विषय भट्टीपासून फार लांब जाऊ नये, असं मला वाटलं. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी तरी कुणी ना कुणी फाउंड्रीत आहे. म्हणून फ्रान्समध्ये आजही हातानं, एकेक करून, गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे बनणाऱ्या स्वयंपाकाच्या चुलींबद्दल मी बोलणार आहे. चूल म्हटलं तरी ती आपली तीन दगडांची नव्हे. बीड, पोलाद, पितळ आणि एनॅमलचा मुलामा यांची, माणसाच्या कमरेइतकी उंच, एक ते दोन मीटर रुंद, खाली भट्ट्या आणि वर शेगड्या असलेली ती वस्तू. तिकडचे आचारी तिला पियानो म्हणतात. आपल्याकडं रेंज हा शब्द रुळतो आहे, तोच मी वापरेन.

या रेंज श्रीमंतांच्या असतात, हे आधीच सांगतो. काहींची किंमत चांगल्या मोटारीएवढी असते. पण मला त्यांच्या किमतीत किंवा दिमाखात रस नाही. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे, आणि तो या शहरातल्या प्रत्येक कारखानदाराला आणि कामगाराला कधीतरी छळतो: ज्या कारखान्यात हातांनी शिकलेलं काम चालतं, त्याचा वारस कोण? मालकाचा मुलगा? तिथं राबणारा कामगार? की जो पैसे मोजून विकत घेईल तो? रेंज बनवणाऱ्या तीन फ्रेंच ठिकाणांनी याची तीन वेगळी उत्तरं दिली. उत्तरेतलं ग्वीझ, पॅरिसची ला कॉर्न्यू आणि बर्गंडीतलं लाकांश.

पण या रेंजची गरज का पडली, ते आधी पाहू. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या बड्या घरांच्या मुदपाकखान्यात विटांचा ओटा असे. त्यात भोकं, भोकांत जळते कोळसे आणि त्यावर पातेली. धुराड्याची सोय अपुरी. मारी-आंत्वान कारेम हा पुढच्या शतकाच्या सुरुवातीचा सर्वांत नावाजलेला आचारी. तालेराँ या मुत्सद्द्याच्या घरी नावारूपाला आला, शेवटी पॅरिसच्या रोथशिल्ड या सावकाराकडे होता. कोळशाच्या वाफा आचाऱ्यांचा जीव घेतात अशी तक्रार त्यानं लिहून ठेवली आहे, आणि 1833 मध्ये तो वारला तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. म्युनिकमध्ये गरिबांसाठी मोठी स्वयंपाकघरं चालवणारा काउंट रमफर्ड 1790 च्या दशकातच सांगत होता की उघड्या विस्तवातली बहुतेक उष्णता वाया जाते, विस्तव बंद करा, हवा मोजून सोडा, धूर नळीतून काढा. हाच रमफर्ड पुढं पॅरिसला आला, शास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या विधवेशी त्यानं लग्न केलं आणि पॅरिसजवळच 1814 मध्ये वारला. त्याची कल्पना विटांत बांधता येत होती. ती हजारो घरांत पोचायला मात्र बीड लागलं.

बिडाचं महत्त्व तुम्हाला मी सांगायला नको, तरी नोंदीसाठी सांगतो. तीन-चार टक्के कार्बनमुळं बीड साधारण बाराशे अंशांच्या आत वितळतं, पोलादाला त्याहून साधारण तीनशे अंश जास्त लागतात. म्हणून वाळूच्या साच्यात ते सहज वाहतं, नक्षीचा कोपरान्‌कोपरा भरतं. दुसरं म्हणजे जाड बिडाची थाळी तापायला वेळ घेते, पण तापली की ऊब धरून ठेवते. फ्रेंच व्यावसायिक रेंजवर एक सलग थाळी असते. तिच्या मधोमध एक गोल झाकण, त्याखाली आच. मध्यभागी सर्वांत प्रखर उष्णता, कडेला जावं तशी मंद. आचारी पातेलं मधे आणतो, कढ आला की बाजूला सारतो, शेवटी सॉस अगदी कडेला नुसता जिवंत ठेवतो. आपल्या चुलीला वैल असतो, तिथं भाकरीची आच संपल्यावर आमटी सरकवतात, तसंच हे काम, फक्त एकाच थाळीवर पसरलेलं. एस्कोफिए या नामवंत आचाऱ्यानं 1903 मध्ये आपला मोठा पाकग्रंथ काढला आणि मोठ्या हॉटेलांतल्या आचाऱ्यांच्या तुकड्यांची कामं वाटून दिली. ती वाटणी चालली, कारण तुकडीच्या मधोमध अशी आच उभी होती. एकेका माणसानं एकेक शेगडी सांभाळण्याच्या काळात ती चालली नसती.

आता ग्वीझकडं वळू. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

ज्याँ-बाप्तिस्त आंद्रे गोदँ 1817 मध्ये उत्तर फ्रान्समधल्या एस्केएरी नावाच्या खेड्यात जन्मला. बाप कुलपं आणि लोखंडी किरकोळ कामं करणारा. अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा बापाच्या हाताखाली लागला. सतराव्या वर्षाच्या सुमारास तिकडच्या कारागिरांच्या रिवाजाप्रमाणे देशभर गावोगावी काम करत फिरला. त्या भटकंतीत त्यानं कौशल्य मिळवलं, आणि कामगाराला त्याच्या कामाच्या मानानं किती कमी मिळतं, हेही पाहिलं. 1840 मध्ये त्यानं स्वतःचं छोटं वर्कशॉप काढलं आणि एक पेटंट घेतलं. तोवर घर तापवायच्या शेगड्या पत्र्याच्या असत, त्या लवकर तापत आणि लवकर गार होत. गोदँनं त्या बिडाच्या केल्या. एवढाच शोध. पण त्याच्या हयातीत या शेगड्या फ्रान्सभर घराघरांत गेल्या. 1846 मध्ये तो कारखाना घेऊन ग्वीझला आला. पुढं स्वयंपाकाच्या शेगड्या आल्या, रंगीत मुलाम्याच्या आल्या, कॅटलॉग जाड होत गेला. काही दशकांत तिथं हजाराहून जास्त कामगार होते.

फूरिए या समाजवादी विचारवंताची पुस्तकं गोदँनं 1842 च्या सुमाराला वाचली आणि तो त्या विचारानं भारला गेला. पुढं फूरिएच्या अनुयायांनी अमेरिकेत, टेक्सासमध्ये, एक वसाहत काढली. गोदँनं त्यात आपल्या संपत्तीचा तिसरा हिस्सा घातला. वसाहत बुडाली, पैसे गेले. त्यातून त्यानं काढलेला निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. नवा समाज दूर देशी वसवायचा नाही, तो कारखान्याच्या दाराशीच उभा करायचा. 1859 मध्ये त्यानं ग्वीझला फामिलिस्तेर नावाची कामगारांची वसाहत बांधायला घेतली.

त्या इमारती आजही उभ्या आहेत आणि लोक तिथं राहतात. मधे काचेच्या छताचा मोठा चौक, चारी बाजूंनी मजल्यांवर सज्जे आणि त्यांवर उघडणारी घरं. प्रत्येक घराला दोन बाजूंनी उजेड. मजल्यावर पाणी, कचरा टाकायला सोय, धुण्याची वेगळी इमारत, मुलांना पोहायला तरण तलाव, आणि त्याचा तळ वर-खाली करता येईल अशी रचना, म्हणजे लहान मुलांना बुडायची भीती नको. पाळणाघर, मुला-मुलींची एकत्र मोफत शाळा, दुकानं, नाट्यगृह. आजारपणाचा फंड, म्हातारपणी पेन्शन. गोदँ स्वतः तिथंच घर करून राहिला. मजुरांच्या चाळी मालकांनी बांधल्याची उदाहरणं जगात पुष्कळ आहेत. मालकानं त्याच जिन्यानं वर-खाली करत राहणं विरळा. इथं गोदँच्या कल्पनेवर टीकाही झाली: सगळे एका चौकात, सगळे एकमेकांच्या नजरेत, मग मोकळीक कुठं? ती टीका मला पूर्ण पटत नाही. ज्यांची आधीची घरं अंधारी आणि ओलसर होती, त्यांच्या बाजूनं पाहिल्यावर काचेचं छत वेगळं दिसतं.

पण माझ्या दृष्टीनं सर्वांत धाडसी गोष्ट 1880 मध्ये घडली. गोदँनं भांडवल आणि श्रम यांची एक सहकारी संस्था स्थापन केली आणि कारखाना, घरं, सगळं तिच्याकडं सोपवलं. देणगी म्हणून नव्हे. दरवर्षीच्या नफ्यातला वाटा कामगारांना पगाराच्या प्रमाणात मिळे, पण रोख नव्हे, हिश्शाच्या कागदांत. रोख रक्कम गोदँच्या भांडवलाची परतफेड करत जाई. म्हणजे कामगार आपल्याच मेहनतीच्या नफ्यातून कारखाना विकत घेत होते, हप्त्याहप्त्यानं. गोदँ 1888 च्या जानेवारीत वारला आणि त्याची सहकारी व दुसरी पत्नी मारी मोरे हिनं काही काळ कारभार पाहिला. 1890 च्या दशकात हे हस्तांतर पूर्ण झालं. शेगड्या ओतणारे त्या शेगड्यांच्या कारखान्याचे मालक झाले.

इथं फ्रेंच वारसा कायदा लक्षात घ्यायला हवा, त्याशिवाय या कृतीचं वजन कळत नाही. 1804 च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेनं मुलांचा हक्क पक्का केला. एक मूल असेल तर निम्मी संपत्ती त्याची, दोन असतील तर दोन-तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन-चतुर्थांश. मृत्युपत्रानं हा हिस्सा काढून घेता येत नाही. गोदँला एक मुलगा होता आणि पहिल्या पत्नीशी संपत्तीच्या वाटणीचा खटला अनेक वर्षं चालला होता. मृत्युपत्रावर विसंबला असता तर कारखान्याचे तुकडे झाले असते. म्हणून त्यानं जिवंतपणीच मालकी हळूहळू दुसरीकडं वाहू दिली, आणि कायदा जेवढं देऊ देतो तेवढं मृत्युपत्रानंही संस्थेलाच दिलं.

ही संस्था 1968 पर्यंत टिकली, म्हणजे स्थापनेपासून 88 वर्षं. दोन महायुद्धांतून तरली. मग का मोडली? सेंट्रल हीटिंग आलं, युरोपीय सामायिक बाजारात स्पर्धा वाढली, कारखान्यानं नवं करणं कमी केलं. आणखी एक कारण आतून आलं. फामिलिस्तेरमध्ये राहणाऱ्या पूर्ण सभासदांना जास्त हक्क होते. ते हक्क, ती घरं, त्या जागा हळूहळू त्यांच्याच मुलांकडं जात राहिल्या. बाहेरून येणारा कामगार बाहेरच राहिला. गोदँनं रक्ताचा वारसा दारातून घालवला होता, तो सभासदांच्या घराघरांतून परत आला. मला हे वाचून दुःख झालं, पण राग आला नाही. आपल्या मुलाला आपल्या जागी पाहावं ही इच्छा कामगारालाही असतेच, फक्त तिच्यासाठी नियमांत जागा ठेवायला हवी होती. नाहीतर ती नियम पोखरते.

कारखाना पुढं ल क्रुझे या बिडाची भांडी बनवणाऱ्या कंपनीकडं गेला, नंतर आणखी एका फ्रेंच कंपनीकडं. गोदँ हे नाव मिरवणाऱ्या शेगड्या आणि चुली ग्वीझहून आजही निघतात. फामिलिस्तेरला 1991 मध्ये ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

पॅरिसची गोष्ट याहून आटोपशीर आहे. 1908 मध्ये आल्बेर द्युप्वी यांनी ला कॉर्न्यू हा कारखाना काढला. तेव्हा पॅरिसच्या घरांत कोळशापासून बनलेला गॅस नळानं येऊ लागला होता. दिव्यांसाठी आलेला हा गॅस स्वयंपाकघरात शिरत होता. गॅसच्या भट्टीची अडचण अशी की ज्योत खालून, त्यामुळं पदार्थ खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो. द्युप्वी यांनी भट्टीचं छत सपाट न ठेवता कमानीसारखं वाकवलं. तळाशी बर्नर, तिथून गरम हवा भिंतींच्या कडेनं वर चढते, कमानीला लागून वळते आणि पदार्थाभोवती फिरते. पंखा नाही, मोटर नाही. जोराचा वारा नसल्यानं मांसातला ओलावा टिकतो, वरचा थर खरपूस होतो. शंभर वर्षांनंतरही ही कमान त्या भट्टीत आहे. दुसऱ्या पिढीत आंद्रे द्युप्वी आले, त्यांच्या काळात ‘शातो’ नावाची मोठी रेंज नावारूपाला आली. तिसऱ्या पिढीत क्झाव्हिए द्युप्वी यांनी तिला परदेशांत नेलं. कारखाना पॅरिसच्या उत्तरेला सँ-तुआँ-लोमोन या गावी आहे.

तीन पिढ्या, एक कल्पना, एक आडनाव. कौटुंबिक कारखान्याचं जे चित्र आपल्या मनात असतं ते हेच. आणि तरीही 2004 मध्ये हा कारखाना ब्रिटनच्या आगा या चुली बनवणाऱ्या कंपनीच्या हाती गेला, 2015 मध्ये आगासकट अमेरिकेतल्या मिडलबी या उद्योगसमूहाकडं. मोल्तेनी हे व्यावसायिक स्वयंपाकघरांतलं दुसरं मोठं फ्रेंच नाव, तेही आज स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स प्रोफेशनल या कंपनीशी जोडलेलं आहे. विकणं म्हणजे गद्दारी, असं मी म्हणणार नाही. ला कॉर्न्यूचा कारखाना चालू आहे, फ्रान्समध्येच आहे, कमानही शाबूत आहे. पण त्याच मालकाच्या ताब्यातली दुसरी एक जागा पाहा. इंग्लंडमधलं कोलब्रुकडेल. 1709 मध्ये एब्राहम डार्बीनं तिथं दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळलं, आणि आधुनिक लोखंडाचा इतिहास तिथून मोजला जातो. तुमच्या क्युपोला भट्टीत जो कोक पडतो त्याची वंशावळ तिथं जाते. आगा चुलींचं बीड त्या गावच्या फाउंड्रीत ओतलं जाई. 2017 च्या नोव्हेंबरात मालकांनी ती फाउंड्री बंद केली.

एकाच समूहाच्या हातात एक जागा जगली, दुसरी गेली. दोन्ही निर्णय कदाचित हिशेबात बरोबर असतील. मला एवढंच दिसतं की निर्णय ज्या टेबलावर झाला, ते टेबल त्या गावात नव्हतं. मालक गावात राहत असेल तर तो चुकीचा निर्णय घेणार नाही असं नाही. पण त्या निर्णयाच्या दुसऱ्या दिवशी त्याला बाजारात त्याच माणसांना तोंड द्यावं लागतं. गोदँ त्याच जिन्यानं का चढत-उतरत होता, त्याचा अर्थ मला इथं लागतो.

आणि आता बर्गंडी. लाकांश हे कोत-दोर जिल्ह्यातलं खेडं, दिजोंच्या नैर्ऋत्येला, काही शेकड्यांच्या वस्तीचं. बर्गंडी म्हटलं की लोकांना वाइन आठवते, पण या प्रदेशाला लोखंडाची परंपरा त्याहून कमी नाही. जंगल होतं म्हणून कोळसा होता, ओढे होते म्हणून पाणचक्कीवर घण चालत, खनिजही जवळ मिळे. फोंतनेच्या मठात, जो 1118 मध्ये स्थापन झाला, भिक्षूंची स्वतःची लोहारशाळा होती आणि ती मध्ययुगीन दगडी इमारत आजही पाहता येते. 1768 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँनं त्याच परिसरात मोठी भट्टी उभारली. दक्षिणेला ल क्रझो या गावी 1836 पासून श्नायडर बंधूंनी रेल्वे इंजिनं आणि तोफा बनवल्या. लाकांश या साखळीतलं एक लहान गाव. तिथलं लोखंडकाम कित्येक शतकं जुनं, आणि शेगड्या-चुली तिथं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बनत आल्या आहेत.

आज तिथला कारखाना ज्या कुटुंबाचा आहे ते ओगान्यर कुटुंब त्या पहिल्या लोहारांचं वंशज नाही. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात कारखाना त्यांच्याकडं आला. त्या काळी मुख्य धंदा हॉटेलं आणि सार्वजनिक स्वयंपाकघरांच्या सामानाचा. त्यांनी हॉटेलच्या तोडीची रेंज घराच्या मापात आणली आणि तिच्यावर भर दिला. रेंजना नावं दिली ती बर्गंडीतल्याच गावांची आणि मठांची: क्ल्युनी, सितो, फोंतने, सोल्यू, व्होल्ने, र्‍युली. म्हणजे वारसा इथं कुटुंबाचा नव्हता, जागेचा होता. कुटुंब नंतर आलं आणि जागेला जोडलं गेलं. मला तिन्ही उत्तरांत हे सर्वांत आशादायक वाटतं, कारण यात रक्ताची अट नाही आणि गावातून उठून जाण्याची सोयही नाही.

आता या रेंजच्या कामाकडं जवळून पाहू, कारण वारसा हा शब्द हवेत तरंगू नये. मुलामा घ्या. एनॅमल म्हणजे वितळवून धातूवर बसवलेली काच. वाळू, टाकणखार, फेल्डस्पार वगैरे एकत्र वितळवून, पाण्यात टाकून फोडतात, दळतात, पाण्यात कालवून पत्र्यावर फवारतात, सुकवतात आणि आठशे अंशांच्या वर भट्टीत घालतात. काही मिनिटांत पूड काच होते आणि पोलादाला धरते. पहिला थर पकडीसाठी, नंतरचा रंगासाठी. निळ्याला कोबाल्ट लागतं. आता यात हात कुठं येतो? पत्र्याच्या कोपऱ्यावर वेल्डिंग केलं की ते घासून सपाट करावं लागतं. तिथं सुईच्या अग्राएवढं छिद्र राहिलं तर रंगानं ते झाकता येतं, काचेनं झाकता येत नाही. भट्टीत त्यातून वायू निघतो आणि नेमका तिथं बुडबुडा फुटतो. बिडावर हे आणखी कठीण, कारण कार्बनमुळं वायू सुटण्याचा धोका जास्त. आणि धातू व काच गार होताना सारख्या प्रमाणात आकसले नाहीत, तर तडा जातो, कधी महिन्यांनी जातो. म्हणून घासणाऱ्याच्या तळहाताला जे कळतं, ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. यंत्रं तिथं आहेत, असायलाच हवीत. पत्रा कापायला माणूस कशाला झिजवायचा? पण दार नीट बसलं का, बिजागरी सैल-घट्ट आहे का, पितळी बर्नरची ज्योत सगळीकडून निळी येते का, हे रेंज पुढं सरकवण्याआधी कुणाचं तरी बोट, कुणाचा तरी डोळा तपासतो. मागणीप्रमाणे काम असल्यानं प्रत्येक रेंजचा रंग, भट्ट्यांची मांडणी, मुठींचा धातू वेगळा. हजार एकसारख्या वस्तूंतल्या एकीत चूक झाली तर ती बाजूला काढता येते. इथं बाजूला काढलेल्या रेंजवर कुणाचं तरी नाव आधीच लागलेलं असतं.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. चांगल्या रेंजची चौकट बोल्टनं जोडलेली, बर्नर निघणारा, थाळी उचलता येणारी, दाराची बिजागरी बदलता येणारी. आईकडून लेकीकडं आलेली रेंज चालू राहते, कारण वीस-तीस वर्षांनी एखादा तुकडा मोडला तर कारखान्यात त्याचा पॅटर्न किंवा माप सापडतं. या शहरात जुन्या पॅटर्नची खोली ज्यांनी सांभाळली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ती खोली ताळेबंदात शून्य किमतीची असते. माझ्या मते कारखान्याचा खरा वारसा तीच आहे, आणि ज्या वारसाला ती खोली रिकामी करून भाड्यानं द्यावीशी वाटत नाही तो खरा वारस, मग त्याचं आडनाव कुठलंही असो.

फ्रान्स सरकारला हे उशिरा का होईना उमगलं. एकोणिसाव्या शतकातच फ्रेदेरिक ल प्ले यांनी इशारा दिला होता की समान वाटणीच्या कायद्यानं कौटुंबिक वर्कशॉप फुटतात. त्यांचा उपाय बापाच्या इच्छेला मोकळीक देण्याचा होता, तो मला मान्य नाही. थोरल्याला सगळं आणि बाकीच्यांना काही नाही, यात मुलींचं काय होतं ते आपण जाणतो. एकविसाव्या शतकात तिकडं वेगळी वाट काढली गेली. 2003 च्या कायद्यानुसार वारसांनी कंपनीचे शेअर ठरावीक वर्षं विकणार नाही असं बांधून घेतलं, तर वारसा करासाठी कंपनीची किंमत बरीच कमी धरतात. सुरुवातीला निम्मी सूट होती, पुढं ती तीन-चतुर्थांशावर गेली. 2 ऑगस्ट 2005 च्या कायद्यानं ‘जिवंत वारशाची संस्था’ अशी अधिकृत मान्यता सुरू केली. दुर्मीळ कौशल्य, जुनी साधनं आणि एखाद्या जागेशी घट्ट नातं असलेल्या कारखान्यांना ती मिळते, पाच वर्षांसाठी, म्हणजे ती पुन्हा मिळवावी लागते. दोन्ही कायद्यांमागं रनो द्युत्रेय हे मंत्री होते. लाकांश आणि ला कॉर्न्यू, दोघांनाही ही मान्यता मिळाली. एक घरच्यांच्या हातात, दुसरा परदेशी मालकाच्या. मान्यता देणाऱ्यांनी मालकाचं आडनाव पाहिलं नाही, काम पाहिलं. हे मला योग्य वाटतं, तरी अपुरंही वाटतं. पाच वर्षांनी काम तपासता येतं, पण फाउंड्री बंद करायला एक बैठक पुरते.

2010 मध्ये युनेस्कोनं फ्रेंच लोकांच्या सणासुदीच्या भोजनपद्धतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पदार्थांचा क्रम, वाइनची जोड, टेबलाची मांडणी, गप्पा. ते सगळं ज्या आचेवर शिजतं, ती आच बनवणाऱ्यांचाही विचार त्यासोबत व्हावा असं मला मनापासून वाटतं. वाढणाऱ्याचं कौतुक होतं, चूल घडवणाऱ्याचं क्वचितच.

शेवटी एक अडचण मांडतो. 1 जानेवारी 2022 पासून फ्रान्समध्ये नव्या घरांना कार्बनचे कडक नियम लागू झाले आणि नव्या स्वतंत्र घरांत तापवण्यासाठी गॅसचा बॉयलर बसवणं जवळपास अशक्य झालं. घरात गॅसची नळीच आली नाही, तर गॅसची रेंज कुठून येणार? म्हणून लाकांश आणि ला कॉर्न्यू दोन्ही आता इंडक्शनच्या शेगड्या देतात. वातावरणासाठी हे आवश्यकच आहे, यावर माझा वाद नाही. पण बिडाच्या थाळीच्या जागी काच येते, आणि काचेखाली सर्किट बोर्ड. तो बोर्ड लाकांशमध्ये ओतता येत नाही. तो दुसऱ्या कुठल्या तरी देशातून येतो आणि काही वर्षांनी त्याचं मॉडेल बंद होतं. फ्रान्सनं 1 जानेवारी 2021 पासून वॉशिंग मशीन, मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही अशा वस्तूंवर त्या किती दुरुस्त करता येतात याचा गुणांक छापणं सक्तीचं केलं. दिशा बरोबर आहे. पण तीस वर्षं चालणाऱ्या रेंजला तेवढी वर्षं बोर्ड कोण पुरवणार, की बोर्डाची जागा आधीच अशी मोकळी ठेवायची की उद्याचा कुठलाही बोर्ड तिथं बसेल? मला दुसरा मार्ग बरा वाटतो, म्हणजे चौकट, दारं आणि भट्टी यांचं आयुष्य एक आणि विजेच्या भागांचं आयुष्य वेगळं धरून रचना करायची. तुमच्यापैकी जे पंपांची आणि इंजिनांची कास्टिंग करतात आणि ज्यांच्या मालावर आता इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसू लागले आहेत, त्यांनी हा गुंता आधीच पाहिला असेल. प्रश्नोत्तरांत तुम्ही तो कसा सोडवता ते ऐकायला मी थांबणार आहे.